दवाखान्यात जास्त, घरी कमी: व्हाइट कोट रक्तदाब आणि कायमचा उच्च रक्तदाब यांतील फरक ठरवण्याची रीतसर पद्धत

दवाखान्यात वरचा आकडा १५६ येतो, घरी मुलगा किंवा सून मोजते तेव्हा १२८ निघतो, आणि घरातील सगळे मिळून ठरवतात की हा केवळ डॉक्टरांना (त्यांच्या पांढऱ्या कोटाला) पाहून वाढणारा, म्हणजे ‘व्हाइट कोट’, रक्तदाब आहे. हा निष्कर्ष खरा असू शकतो, परंतु एका संध्याकाळी, कोणत्या तरी यंत्रावर, चहा पिता पिता घेतलेल्या एका नोंदीवरून तो काढता येत नाही. याच्या उलटही घडते. दवाखान्यात धावत पोहोचल्यावर लगेच मोजलेल्या एका आकड्यावरून माणूस स्वतःला कायमचा रुग्ण समजू लागतो. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत, कारण आधीचा टप्पा चुकला की नंतरच्या सर्व आकड्यांना अर्थ उरत नाही.

## १. नेमके काय ठरवायचे आहे, ते आधी समजून घ्या

भारतात सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या मर्यादेनुसार दवाखान्यात रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर तो उच्च मानला जातो. घरातील सरासरीसाठी मात्र ही मर्यादा १३५/८५ आहे, कारण निवांत वातावरणात आकडा थोडा खालीच राहतो. म्हणून घरी १३८/८७ अशी सरासरी आली आणि ‘१४० च्या आत आहे’ म्हणून समाधान मानले, तर ती चूक आहे.

दवाखान्यातही जास्त आणि घरीही जास्त, हा कायमचा उच्च रक्तदाब. दवाखान्यात जास्त आणि घरी नियमित पद्धतीने मोजूनही १३५/८५ च्या खाली, हा व्हाइट कोट प्रकार. दवाखान्यात रक्तदाब वाढलेला आढळणाऱ्यांपैकी साधारण १५ ते ३० टक्के लोक या दुसऱ्या गटात मोडतात, म्हणजे ही शंका अवाजवी नाही. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे: दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त. याला छुपा उच्च रक्तदाब म्हणतात, आणि त्याचा धोका कायमच्या उच्च रक्तदाबाच्या जवळ जाणारा असतो.

हृदयाच्या दृष्टीने या गटांत किती अंतर आहे, हे जाणून घेतल्याशिवाय पुढचे कष्ट का घ्यायचे ते पटत नाही. ४० ते ६९ या वयात नेहमीचा वरचा आकडा ११५ पासून दर २० ने वाढत गेला, की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका प्रत्येक पायरीला साधारण दुप्पट होतो. कायमच्या उच्च रक्तदाबाचे गणित हे असे आहे. व्हाइट कोट प्रकारात धोका यापेक्षा कमी असतो, परंतु शून्य नसतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात २७ अभ्यासांतील ६० हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली गेली. त्यात औषध न घेणाऱ्या व्हाइट कोट गटामध्ये हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित गंभीर घटनांचा धोका, सर्वत्र सामान्य रक्तदाब असणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळला. जे आधीपासून रक्तदाबाची औषधे घेत होते आणि ज्यांचा रक्तदाब घरी आटोक्यात असून केवळ दवाखान्यात वाढत होता, त्यांच्यात असा वाढीव धोका दिसला नाही.

सावधान: ‘व्हाइट कोट’ हे निदान औषध न घेणाऱ्या व्यक्तीसाठीच आहे. गोळी चालू असताना घरी १२६/७८ येत असेल, तर तो बहुधा गोळीचाच परिणाम आहे. अशा आकड्यावर विसंबून गोळी स्वतःहून कधीही बंद करू नये.

## २. यंत्र आणि पट्टा

दंडावर पट्टा बांधून आपोआप मोजणारे डिजिटल यंत्र घ्यावे. मनगटावरची आणि बोटावरची यंत्रे या कामासाठी नकोत, आणि केवळ मनगटी घड्याळावर दिसणाऱ्या रक्तदाबावरून तर कोणताच निर्णय घेऊ नये. खरेदीपूर्वी त्या यंत्राच्या नेमक्या मॉडेलची अचूकता तपासली गेली आहे का, हे ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावरील यादीत पाहता येते. कंपनी नावाजलेली असली तरी प्रत्येक मॉडेल तपासलेले असतेच असे नाही, म्हणून मॉडेलचा क्रमांक जुळवून पाहावा.

यंत्रापेक्षा पट्ट्याची चूक अधिक होते. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. सोबत येणारा मध्यम पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. त्याची मर्यादा पट्ट्यावर छापलेली असते. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवावा लागतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील एका चाचणीत, मोठ्या पट्ट्याची गरज असलेल्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी सुमारे ५ ने जास्त आला, आणि त्याहूनही मोठ्या पट्ट्याची गरज असलेल्यांत जवळजवळ २० ने. स्थूल व्यक्तीला केवळ पट्ट्यामुळे आयुष्यभराची गोळी लागू शकते, इतका हा फरक मोठा आहे. बारीक दंडावर ढिला, मोठा पट्टा बांधला तर उलट घडते आणि खरा आजार झाकला जातो.

तपासा: पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हाताचा आकडा सातत्याने १० पेक्षा अधिक फरकाने जास्त येतो, तोच हात पुढे कायम वापरा आणि हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगा. यंत्र एकदा दवाखान्यात नेऊन तेथील यंत्राशी आलटून पालटून जुळवून पाहिले, तर मनातील शंका जाते.

## ३. आठवडा निवडण्यापूर्वीची तयारी

मोजणीचा आठवडा नेहमीसारखा असावा. घरात लग्नकार्य, परीक्षेचे निकाल, ताप, दातदुखी, लांबचा प्रवास किंवा कडक उपवास चालू असताना केलेली मोजणी तुमच्या नेहमीच्या रक्तदाबाचे चित्र देत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरात चालू असलेली इतर औषधे एका कागदावर लिहून काढा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या, सर्दीच्या नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनी रक्तदाब वाढतो. खोकल्यासाठी रोज घेतला जाणारा ज्येष्ठमधाचा काढाही यात येतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ आणि जास्त प्रमाणात घेतल्यास शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार’ म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच जात नाही. यादीतील डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे मनानेच थांबवू नका. यादी दाखवा आणि काय करायचे ते त्यांना ठरवू द्या.

## ४. मोजण्याआधीचा अर्धा तास आणि बसण्याची पद्धत

बहुतेक घरांतील मोजणी येथेच बिघडते, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, तंबाखू आणि व्यायाम टाळावा. सकाळी उठल्यावर मशेरी लावण्याची सवय अनेक घरांतील स्त्रियांना असते आणि ती तंबाखूत मोजली जात नाही. मशेरीतही निकोटीन असते, त्यामुळे मोजणी मशेरीच्या आधी झाली पाहिजे. लघवी तुंबवून बसू नये. भरलेल्या मूत्राशयाने आकडा चांगलाच वर जातो.

त्यानंतर पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसावे. पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून किंवा जमिनीवर मांडी घालून बसणे चालत नाही. दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकलेली असावीत आणि पायावर पाय ठेवू नये. ठेंगण्या व्यक्तीचे पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा.

दंड हृदयाच्या पातळीत, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या साधारण मध्यावर यावा आणि हाताला पूर्ण आधार मिळावा. टेबल खाली पडत असेल तर उशी घ्यावी. हात स्वतः उचलून धरला तर स्नायू आवळले जातात, आणि खाली सोडला तर दर १० सेंटिमीटरला आकडा ७ ते ८ ने वाढतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हात मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा सरासरी सुमारे ४ ने आणि बाजूला लोंबकळत सोडल्यास साडेसहाने जास्त आला. म्हणजे १३२ असलेली व्यक्ती केवळ हात खाली सोडल्याने १३८ वर जाते आणि तिचा गटच बदलतो.

पट्टा उघड्या दंडावर बांधावा. त्याची खालची कड कोपराच्या खोबणीपासून दोन ते तीन सेंटिमीटर वर असावी, आणि आत एक-दोन बोटे सरकतील इतपत तो घट्ट असावा. शर्टाची किंवा ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळली तर ती स्वतःच दोरीसारखी आवळते, त्यामुळे बाही वर करण्यापेक्षा त्या बाजूचे कपडे काढणे बरे.

आता पाच मिनिटे शांत बसा. टीव्ही बंद, मोबाइल दूर, आणि कोणाशीही बोलणे नाही. मोजणी चालू असताना तर अजिबात बोलू नये, कारण बोलण्याने वरचा आकडा दहाच्या आसपास सहज वाढू शकतो. शेजारी उभे राहून ‘किती आला, किती आला’ असे विचारणारे नातेवाईक काळजीपोटीच विचारतात, पण त्यांनी त्या वेळी दुसऱ्या खोलीत थांबावे. नाही तर दवाखान्यात जे घडते तेच घरात घडेल.

तपासा: पाठ टेकली आहे, पाय जमिनीवर आहेत, दंड उघडा व आधारावर आहे, पाच मिनिटे झाली आहेत. यांतील एकही गोष्ट राहिली असेल तर बटण दाबू नका.

## ५. सात दिवसांचे वेळापत्रक

सलग सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी मोजावे. प्रत्येक वेळी एक ते दोन मिनिटांच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात. सकाळची मोजणी उठल्यापासून साधारण तासाभरात, लघवी करून झाल्यावर, नाश्ता आणि रक्तदाबाची गोळी यांच्या आधी करावी. संध्याकाळची रात्रीच्या जेवणापूर्वी करावी. सात दिवस खरोखरच शक्य नसतील तर किमान तीन दिवस तरी पूर्ण करावेत, परंतु निर्णय आयुष्यभराच्या औषधाचा असताना चार दिवस वाचवण्यात शहाणपण नाही.

प्रत्येक आकडा यंत्रावर दिसतो तसाच लगेच लिहा: तारीख, वेळ, वरचा, खालचा आणि नाडी. १३७ चे १३५ किंवा १४३ चे १४० असे सोयीचे आकडे लिहिण्याची सवय फार पसरलेली आहे, आणि नेमक्या सीमारेषेवरच तिचे नुकसान होते. आकडा जास्त आला म्हणून पुन्हा पुन्हा मोजत राहून शेवटी आलेला कमी आकडाच लिहिणे, ही दुसरी नेहमीची चूक आहे. दोनदा मोजायचे ठरले आहे, तर दोन्ही लिहा आणि थांबा. चक्कर आल्यावर किंवा भांडण झाल्यावर घेतलेली नोंद वेगळ्या पानावर असावी. ती या सरासरीत धरू नये.

नाडी अनियमित असेल, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा एक विकार) असल्याचे सांगितले गेले असेल, तर एकेका नोंदीत चढउतार जास्त येतो. अशा वेळी दोनऐवजी तीन नोंदी घ्याव्यात. यंत्र वारंवार अनियमित ठोक्यांचे चिन्ह दाखवत असेल आणि पूर्वी कोणी काही सांगितलेले नसेल, तर सात दिवस पूर्ण होण्याची वाट न पाहता ईसीजी काढून घ्यावा.

तातडीची सूचना: आकडा १८०/१२० किंवा त्याहून अधिक आला तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा. त्यासोबत छातीत दुखणे, धाप लागणे, अर्धे अंग लुळे पडणे, बोलणे अडखळणे, अंधुक दिसणे किंवा असह्य डोकेदुखी असेल, तर पुन्हा मोजण्यातही वेळ घालवू नका. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. लक्षणे नसतील पण दुसरी नोंदही तितकीच असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. गरोदर स्त्रीच्या बाबतीत हा लेख लागू नाही. तिने १४०/९० दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

## ६. सरासरी काढणे

पहिल्या दिवसाच्या चारही नोंदी सरासरीतून वगळायच्या. नवे यंत्र, नवा सोपस्कार आणि ‘आता काय निघते’ ही धास्ती यांमुळे पहिला दिवस बहुधा चढा असतो. उरलेल्या सहा दिवसांच्या २४ नोंदींतील वरच्या आकड्यांची बेरीज करून २४ ने भागा, आणि खालच्या आकड्यांचेही तसेच करा. कोणतीही नोंद ‘ही चुकीची वाटते’ म्हणून गाळू नका.

उदाहरण घेऊ. समजा, सहा दिवसांतील वरच्या आकड्यांची बेरीज ३२१६ झाली, तर सरासरी १३४ येते. पहिल्या दिवसाच्या नोंदी १५२, १४६, १५० आणि १४४ होत्या. त्याही धरल्या असत्या तर बेरीज ३८०८ झाली असती आणि २८ ने भागल्यावर सरासरी १३६ आली असती. एका दिवसाने माणूस रेषेच्या या बाजूचा त्या बाजूला गेला. परंतु यातून दुसरीही गोष्ट लक्षात घ्यावी: १३४ आणि १३६ या दोन सरासऱ्यांत धमन्यांच्या दृष्टीने फारसा फरक नाही. सरासरी रेषेच्या चार-पाच आकड्यांच्या आत असेल, तर केवळ घरच्या मोजणीवर निकाल देऊ नये आणि पुढील टप्प्यातील २४ तासांची तपासणी करून घ्यावी.

वरचा किंवा खालचा, दोहोंपैकी एकही आकडा मर्यादेला पोहोचला तरी सरासरी वाढलेली मानली जाते. १२८/८८ ही सामान्य सरासरी नव्हे. तरुणांमध्ये असे चित्र अधिक दिसते आणि वरचा आकडा चांगला असल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होते.

## ७. डॉक्टरांकडे नोंदी नेणे आणि २४ तासांची तपासणी

पूर्ण वही न्या, केवळ सरासरी नको. शिवाय दवाखान्यातील मोजणी एकाच भेटीतील नसावी. वेगवेगळ्या दिवशीच्या दोन-तीन भेटींतही दवाखान्यात जास्त आणि घरी कमी असेच राहिले, तरच व्हाइट कोट या निदानाला आधार मिळतो. दवाखान्यातही पाच मिनिटे शांत बसू देण्याची विनंती नम्रपणे करावी. जिना चढून आल्याबरोबर मोजलेला आकडा पांढऱ्या कोटाच्या माथी मारणे बरोबर नाही.

शंका उरल्यास २४ तासांची, म्हणजे अँब्युलेटरी, तपासणी करतात. यात दंडावर पट्टा आणि कमरेला छोटे यंत्र बांधून घरी पाठवले जाते. ते दिवसा साधारण दर २० ते ३० मिनिटांनी आणि रात्री झोपेतही आपोआप मोजते. २४ तासांची सरासरी १३०/८०, जागेपणीची १३५/८५ आणि झोपेतील १२०/७० या मर्यादा आहेत. या तपासणीचा मोठा फायदा रात्रीचे आकडे मिळणे हा आहे, कारण झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरायला हवा. तो उतरत नसेल तर हृदयाचा धोका वाढतो, आणि घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडणाऱ्या व्यक्तींत हे अनेकदा आढळते. यंत्र बांधलेल्या दिवशी नेहमीची कामे करावीत, पट्टा फुगू लागताच हात स्थिर ठेवावा, अंघोळ टाळावी आणि झोपण्याची व उठण्याची वेळ लिहून ठेवावी. सुट्टी काढून दिवसभर पलंगावर पडून राहिले, तर कामाच्या ताणात चढणारा रक्तदाब नोंदलाच जात नाही.

याच भेटीत रक्तदाबाने शरीराला इजा केली आहे का, तेही तपासले जाणे आवश्यक आहे. ईसीजी, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक), लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) व क्रिएटिनिनचे प्रमाण, साखर आणि कोलेस्टेरॉल या तपासण्या सुरुवातीला पुरेशा आहेत. गरजेनुसार इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी केली जाते. घरचे आकडे चांगले असूनही हृदयाची भिंत जाड झालेली दिसली किंवा लघवीतून अल्ब्युमिन जात असेल, तर घरच्या मोजणीवर पुन्हा शंका घ्यावी.

## ८. निदानानंतर

कायमचा उच्च रक्तदाब ठरला तर औषध कोणते आणि किती हे डॉक्टर ठरवतील. रुग्णाचे काम ते रोज घेण्याचे आणि औषध बदलल्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा हाच सात दिवसांचा क्रम करण्याचे आहे.

व्हाइट कोट ठरला, अवयवांना इजा नाही आणि मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार नाही, अशा व्यक्तीला बहुधा लगेच औषध दिले जात नाही. पण नेमके याच वळणावर लोक फाईल कपाटात ठेवून देतात. इटलीतील पामेला या दीर्घकालीन अभ्यासात व्हाइट कोट गटातील ४० टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब दहा वर्षांत कायमचा वाढला, तर सामान्य गटात हे प्रमाण वीस टक्क्यांच्या आत होते. म्हणून तंबाखू पूर्ण बंद करणे, वजन आणि पोटाचा घेर कमी करणे, रोज चालणे आणि दिवसभरातील एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत आणणे हे या गटालाही तितकेच लागू आहे. पाच ग्रॅम म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतील मीठ त्यातच मोजायचे. सैंधव घेतल्याने ही मर्यादा वाढत नाही, कारण तेही सोडियमचेच मीठ आहे.

पहिल्या निदानानंतर तीन ते सहा महिन्यांनी मोजणीची दुसरी फेरी करावी, आणि ती चांगली आली तर त्यानंतर दरवर्षी एकदा, तोच हात आणि तोच पट्टा वापरून. रक्ताच्या व लघवीच्या तपासण्याही त्याच सुमारास कराव्यात. एखाद्या वर्षी सरासरी १३५/८५ ला पोहोचली, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबू नये. वही घेऊन लगेच डॉक्टरांना भेटावे आणि त्यांच्या सल्ल्याने मोजणीची आणखी एक फेरी किंवा २४ तासांची तपासणी करावी. तीही वाढलेली आली, तर फाईलवरचा ‘व्हाइट कोट’ हा जुना शेरा खोडून घेऊन उपचार नव्याने ठरवून घ्यावेत.